पोटाची शस्त्रक्रिया, तिचा खर्च आणि पैशांची सोय

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच विषयावरची आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे वगळली आहेत. पोट, मांड्या किंवा दंड यांचा आकार नीट करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे घरातही दबक्या आवाजात बोलले जाते, त्यामुळे तिचा हिशेब चार माणसांत बसून मांडला जात नाही आणि अनेकदा पहिल्याच भेटीत घाईने सही होते. सोलापुरातील एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात बरीच वर्षे काम केल्यामुळे ही घाई मी जवळून पाहिली आहे. म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते. वय 38, खासगी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका आहे. माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली, धाकटा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. वजन तीन वर्षे 64 किलोवर स्थिर आहे, रोज चालते, तरी पोटाची सैल कातडी आणि मधला फुगवटा जात नाही. खोकताना बेंबीजवळ गाठीसारखे वर येते. पुण्यातील एका प्लास्टिक सर्जनांनी टमी टक, म्हणजे सैल कातडी काढून पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आणि कागदावर 'पॅकेज 1,60,000' एवढेच लिहून दिले. बाहेर येताच काउंटरवर हप्त्यांचा अर्ज पुढे करण्यात आला. आमचा 5 लाखांचा आरोग्य विमा चार वर्षांपासून चालू आहे. 'सगळे हर्नियात बसवून घ्या, विम्यातून होईल,' असे एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले. हे पैसे कसे उभे करावेत? आणि स्वतःसाठी एवढा खर्च करणे चूक तर नाही ना?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्या कमाईतून, घरातील कोणाचेही अडू न देता, आपण आपल्या शरीरासाठी खर्च करणार असाल तर त्यात चूक काहीच नाही. त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

आता पैशांकडे वळू. सर्वप्रथम आपल्या पोटाच्या तक्रारीतील आजार कोणता आणि रूपाचा भाग कोणता, हे कागदावर वेगळे करून घ्यावे लागेल, कारण या दोन भागांचे पैसे देणारे वेगळे असतात आणि त्यांवरील करही वेगळा असतो. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेवर एकमेकांपासून दूर जातात आणि काही स्त्रियांत ते पुन्हा जवळ येत नाहीत. आपण म्हणता तो मधला फुगवटा बहुधा त्यामुळे असावा. हा हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतील फटीतून आतला भाग बाहेर येणे, नव्हे, आणि नुसते स्नायू जवळ आणून शिवण्याचा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत. मात्र खोकताना बेंबीजवळ जे वर येते ते नाभीचा हर्निया असू शकते, आणि हर्निया हा आजार आहे. तेव्हा पुण्याला पुन्हा जाण्यापूर्वी सोलापुरातच एखाद्या जनरल सर्जनांना दाखवा, पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घ्या आणि तिचा अहवाल जपून ठेवा. बहुतेक पॉलिसींत हर्नियासाठी पहिली 2 वर्षे दावा करता येत नाही. आपला विमा मध्ये खंड न पडता चार वर्षे चालू असेल, तर ही अट आपल्या आड येऊ नये.

हर्निया निघालाच, तर सर्जनांकडून दोन स्वतंत्र अंदाजपत्रके मागा. एक हर्नियाच्या दुरुस्तीचे असेल, दुसरे जादा कातडी काढण्याचे आणि स्नायू शिवण्याचे. दोन्ही शस्त्रक्रिया एकाच भुलीखाली होऊ शकतात. पहिल्या भागासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडून कॅशलेस मंजुरी मागावी आणि त्या अर्जात दुसरा भागही होणार असून त्याचे पैसे आपण स्वतः भरणार आहोत, हे स्पष्ट लिहावे. त्या गृहस्थांनी सुचवलेला मार्ग मात्र पूर्णपणे टाळा. कातडी काढण्याचे बिल हर्नियाच्या नावाने लावणे ही फसवणूक आहे. ऑपरेशन नोट्समध्ये छेद किती लांब होता, किती कातडी काढली, हे लिहिलेले असते आणि विमा कंपनीचे डॉक्टर ते कागद वाचतात. अशा प्रकरणात दावा तर नाकारला जातोच, शिवाय पॉलिसी रद्द होऊ शकते आणि मग पुढे कुटुंबातील कोणाला खरोखर गंभीर आजार झाला तर हाती काहीच उरत नाही.

आता त्या 1,60,000 च्या आकड्याविषयी. एका ओळीत लिहिलेला आकडा हे अंदाजपत्रक नव्हे. त्यात सर्जनांची फी, भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटरचे शुल्क, खोलीचे भाडे, औषधे व साहित्य आणि शस्त्रक्रियेनंतर घालायचा घट्ट पट्टा, म्हणजे प्रेशर गार्मेंट, यांचे वेगवेगळे आकडे लिहून मागा. त्याच कागदावर जीएसटी धरला आहे की वेगळा, हेही लिहून घ्या. रुग्णालयातील उपचारांना सर्वसाधारणपणे जीएसटीची सूट आहे, परंतु सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या सुटीतून वगळली असून तिच्यावर 18 टक्के कर लागतो. जन्मजात व्यंग, शारीरिक वाढीतील दोष किंवा अपघाताची इजा यांमुळे बिघडलेले अंग पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र सूट मिळते. कर वेगळा असेल तर 1,60,000 वर 28,800 रुपये वाढतात आणि आकडा 1,88,800 होतो. हर्नियाच्या दुरुस्तीवर हा कर लागत नाही, म्हणूनही दोन अंदाजपत्रके वेगळी असणे आपल्या हिताचे आहे.

बिलाबाहेरचा खर्च कोणी सांगत नाही. रुग्णालयात असताना अशा शस्त्रक्रियेनंतर घरी जाणारी एक स्त्री मी पाहिली होती. पोटावरची शिवण ताणू नये म्हणून ती कंबरेत वाकून चालत होती, जखमेतील पाणी काढणाऱ्या दोन नळ्यांच्या डब्या तिने कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवल्या होत्या, आणि लिफ्टपासून रिक्षापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत ती दोनदा थांबली. हे दृश्य डोळ्यांसमोर आणून हिशेब करा. या अवस्थेत पुण्याहून सोलापूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर लगेच येणे योग्य नाही. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका या शस्त्रक्रियेनंतर असतो, आणि बराच वेळ एका जागी बसून राहिल्याने तो वाढतो. नळ्या निघेपर्यंत, साधारण आठवडाभर, पुण्यातच नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावे लागेल. पुढे दोन-तीन महिन्यांत तपासणीसाठी तीन-चार फेऱ्या होतील. त्या हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोग्या आहेत. घरी आल्यावर सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर किंवा मुलाला उचलता येणार नाही. माहेरचे कोणी येणार नसेल तर किमान महिनाभर पगारी बाई ठेवावी लागेल. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, धुण्यासाठी पट्ट्याचा दुसरा जोड, प्रवास, राहणे आणि मदतनीस यांसाठी माझ्या अंदाजाने 35 ते 40 हजार वेगळे धरावेत. आपण विनाअनुदानित शाळेत असल्याने रजा बिनपगारी असेल तर तीन-चार आठवड्यांचा पगारही खर्चातच मोजावा लागेल.

म्हणजे कागदावर 1,60,000 दिसत असले तरी आपण सव्वादोन लाखांची तयारी ठेवावी आणि त्याशिवाय 25 ते 30 हजार रुपये हात न लावता बाजूला असावेत. जखमेत पाणी किंवा रक्त साचणे, शिवणीच्या कडा सुकून जखम उघडणे, असे प्रकार कुशल सर्जनांच्या हातूनही होतात, आणि सौंदर्य शस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्च विमा कंपन्या सहसा नाकारतात. शिवणीच्या टोकाला कातडीचा उंचवटा राहिला आणि दुसऱ्यांदा छोटी शस्त्रक्रिया लागली, तर सर्जन बऱ्याचदा स्वतःची फी घेत नाहीत, पण थिएटरचे आणि भुलीचे पैसे भरावे लागतात. याबाबतची त्यांची पद्धत आधीच लेखी घ्या.

आता हप्त्यांच्या अर्जाबद्दल. रुग्णालयाच्या काउंटरवर, डॉक्टरांना भेटल्याच्या दिवशी, कर्जाच्या कागदावर सही करू नका, एवढे माझे ठाम मत आहे. 'नो कॉस्ट' हप्ता म्हणून जे सांगितले जाते त्यात व्याज नसते असे नाही, ते किमतीत मिसळलेले असते. रिझर्व्ह बँकेनेही 2013 मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. समजा रोख भरल्यास 1,50,000 आणि 12 हप्त्यांत भरल्यास प्रत्येकी 13,750 रुपये असे सांगितले, तर आपण 1,65,000 भरता. वरवर पाहता ते दहा टक्के वाटतात, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असल्याने प्रत्यक्ष व्याजदर वर्षाला सुमारे 18 टक्के पडतो. म्हणून आधी रोखीचा भाव विचारावा आणि तो लेखी मिळाल्यावरच हप्त्यांचा विषय काढावा.

कर्ज घ्यायचेच असेल तर ते आपला पगार ज्या बँकेत जमा होतो तेथून घ्या. दीड लाख रुपये 14 टक्के घटत्या शिलकीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज देऊन, 24 महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 7,200 रुपये बसतो आणि व्याजापोटी 23 हजारांच्या आसपास जातात. काही ठिकाणी 'फक्त 10 टक्के' असे सांगतात, पण तो दर संपूर्ण मूळ रकमेवर दोन्ही वर्षे आकारला जातो. मग व्याज 30,000 आणि हप्ता 7,500 होतो, म्हणजे 14 पेक्षा 10 टक्केच महाग पडतात. बँका व वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सर्व शुल्के धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे 1 ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून हा खर्च मुळीच करू नये, कारण महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 36 ते 42 टक्के होतात.

सोनेतारण कर्जाचा दर वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा कमी असतो, परंतु त्यात अनेकदा मुदतीअखेर एकदम रक्कम भरायची असते आणि ती जमली नाही तर दागिना लिलावात जातो. आईने दिलेल्या पाटल्या या कारणासाठी तारण ठेवाव्यात असे मला वाटत नाही. शाळेतील सहकारी शिक्षिकांची भिशी असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. मात्र आपला नंबर शेवटच्या महिन्यांतला मागून घ्या, कारण सुरुवातीला उचललेली भिशी हे कर्जच असते आणि शेवटी मिळालेली भिशी ही बचत असते. भिशीला कागदाचा आधार नसतो, तेव्हा सगळी रक्कम तिच्यावर अवलंबून ठेवू नका.

मला विचाराल तर आपण हर्नियाची तपासणी आत्ता करावी आणि तो तातडीचा नसल्याचे सर्जनांनी सांगितल्यास दरमहा 8,000 रुपयांची आवर्ती ठेव 24 महिन्यांसाठी उघडावी. मुद्दलच 1,92,000 होईल, वर व्याज. गाठ मध्येच कठीण झाली, दुखू लागली आणि आत जाईनाशी झाली तर मात्र बचतीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शस्त्रक्रियेची वेळही विचारपूर्वक निवडा. शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटते, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना सहा आठवडे जवळजवळ चोवीस तास घट्ट पट्टा घालून राहणे फार जाचक होते, घामाने कातडी उठते आणि पट्टा काढून ठेवावासा वाटतो. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर बिनपगारी रजा कमी लागेल आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला आपण मुलांना घेऊन जाऊ शकाल.

प्रश्न : वय 34. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्याची बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झाली, ती विम्यातून झाली. वजन 138 किलोवरून 84 वर आले आणि दहा महिने स्थिर आहे. आता पोटाची कातडी मांड्यांपर्यंत लोंबते, तिच्या घडीत खाज येते, चिरा पडतात. विमा कंपनीने मात्र 'कॉस्मेटिक' म्हणून नकार दिला. दुसरीकडे, पोट, छाती, दंड आणि मांड्या एकत्र करून घेण्यासाठी साडेपाच लाखांचा आकडा सांगितला आहे.

उत्तर : नकाराचे पत्र आले म्हणजे विषय संपला असे मानू नका. सौंदर्य शस्त्रक्रिया वगळणारे कलम सर्व आरोग्य विम्यांत जवळपास सारख्याच शब्दांत असते आणि त्याच कलमात अपवादही दिलेले असतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेली शस्त्रक्रिया, हे ते अपवाद होत. आवश्यकतेचे प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचे असते. आपल्या बाबतीत पोटाची लोंबणारी कातडी या अपवादात बसवता येण्याची शक्यता आहे, दंड आणि छाती बसणार नाहीत. त्यामुळे चारही ठिकाणांचा एकत्र दावा केला असेल तर तीच चूक झाली. फक्त लोंबणारी कातडी काढण्याचा स्वतंत्र प्रस्ताव द्या आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञांच्या गेल्या अनेक महिन्यांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिले, तारखेसह छायाचित्रे आणि वजनाचा तक्ता जोडा. एका भेटीची चिठ्ठी पुरत नाही. औषधे करूनही घडीतला जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, हे कागदावर दिसले पाहिजे.

हा प्रस्तावही नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे, तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. अर्ज केला म्हणजे निकाल आपल्या बाजूनेच लागेल असे नाही, पण कागद पक्के असतील तर प्रयत्न वाया जात नाही.

साडेपाच लाखांच्या एकत्रित प्रस्तावाला मात्र थांबा म्हणेन. चार ठिकाणी एकाच वेळी कापल्यास शस्त्रक्रिया लांबते, रक्तस्राव आणि गुठळीचा धोका वाढतो, आणि कर्जही एकदम डोक्यावर येते. पोटाचा भाग आधी करा. त्यानंतर सहा महिन्यांनी बाकीच्याचा विचार करता येईल, आणि अनेकांना तोवर मांड्या किंवा छातीचे तितकेसे वाटेनासे होते. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर लोह, बी 12 आणि प्रथिने कमी पडतात व जखम भरत नाही, म्हणून रक्ताच्या तपासण्या आधी करून घ्या. तंबाखू किंवा मावा खात असाल तर शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे पूर्ण बंद करा. धूर नसला तरी निकोटिन कातडीच्या कडांचा रक्तपुरवठा कमी करते. मुंबईतील केईएम आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तेथे त्रासदायक कातडी काढण्याची शस्त्रक्रिया खासगीच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात होऊ शकते, मात्र तारखेसाठी वाट पाहावी लागते.

प्रश्न : माझ्या 22 वर्षांच्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. एका केंद्राने 45,000 रुपयांत पोट आणि कंबरेचे लायपोसक्शन करून देण्याची सवलत या महिनाअखेरपर्यंत ठेवली आहे. 10,000 आगाऊ मागतात, उरलेले मोबाइलवरच्या ॲपमधून कर्जाने. मुलीचे वजन 78 किलो आहे. करावे का?

उत्तर : नाही. लायपोसक्शन हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. वजन जवळपास योग्य असताना एखाद्याच जागी साठलेली चरबी काढण्यासाठी ते आहे. शिवाय त्यानंतरची सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे बोहल्यावर उभे राहताना मुलीच्या कंबरेला सूज असेल आणि शालूखाली घट्ट पट्टा.

महिनाअखेरची सवलत हे शस्त्रक्रिया करण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढे कधी विचार केलाच तर त्या 'केंद्रा'ची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे का, शस्त्रक्रिया करणाऱ्यांची प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार आहेत का, हे पाहावे. ही मागणी मुलीची स्वतःची आहे की कोणी काही बोलल्यामुळे आली आहे, हे तिच्याशी एकांतात बसून विचारा.

आगाऊ रक्कम अद्याप दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर पावती घेऊन आजच लेखी पत्राने परत मागा आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घ्या. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे, आणि रक्कम परत न आल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करताना हीच पोच उपयोगी पडेल. ॲपवरील कर्ज मंजूर होऊन गेले असल्यास करारात दिलेल्या फेरविचाराच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून त्यातून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ही मुदत फार थोड्या दिवसांची असते, म्हणून करार आज रात्रीच उघडून ती तारीख पाहा.